तुटलेल्या पायऱ्यांचे डोंगर

अलंग, मदन आणि कुलंग हे नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्याच्या दक्षिण सीमेवर एका ओळीत उभे असलेले तीन गिरिदुर्ग. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे फुटलेल्या कळसूबाई रांगेचा हा पश्चिमेकडचा भाग. सगळ्यांत पश्चिमेला कुलंग, मधे मदन आणि कळसूबाईच्या बाजूला अलंग. उत्तरेच्या पायथ्याला आंबेवाडी आणि कुरंगवाडी, दक्षिणेला अकोले तालुक्यातली घाटघर आणि उडदावणे. नाशिक-मुंबई महामार्गावर घोटीच्या आसपास हवा स्वच्छ असली की दक्षिणेला ही रांग दिसते. कुलंगचा माथा लांबलचक आणि सपाट, मदनचा आखूड आणि उभा, त्यामुळे एकदा ओळख पटली की पुन्हा चुकत नाही. डोंगर भटकणारी मंडळी तिघांना मिळून ‘एएमके’ म्हणतात. सह्याद्रीतली सर्वांत अवघड भटकंती कोणती, या प्रश्नाला बहुतेकांच्या तोंडी हेच उत्तर असते.

हा अवघडपणा उंचीचा नाही. याच रांगेतले कळसूबाई १,६४६ मीटर उंच, म्हणजे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. तरीही बारी गावातून निघालेला धडधाकट माणूस तीन-चार तासांत माथ्यावरच्या देवीच्या देवळापाशी पोहोचतो. वाटेतल्या कातळांवर लोखंडी शिड्या आणि कठडे बसवलेले आहेत. नवरात्रात लुगड्याचा काष्टा मारलेल्या म्हाताऱ्या बायाही ओटीचे सामान घेऊन वर जातात. अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही गड चौदाशे ते दीड हजार मीटरच्या घरातले, म्हणजे कळसूबाईहून बुटके. मग दोर, हेल्मेट आणि जाणकार सोबती असल्याशिवाय अलंग-मदनच्या माथ्यावर जाता येत नाही, ते का? याचे निम्मे उत्तर भूगर्भात आहे आणि निम्मे १८१८ सालात.

दख्खनचे पठार घडवणारे लाव्ह्याचे उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झाले. शंकूसारखे ज्वालामुखी फुटून हे झाले नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या बेसॉल्टखाली आहे. भूवैज्ञानिकांनी पश्चिम घाटातल्या या थरांची खालून वर अशी जी मांडणी केली, तिच्या सर्वांत तळाच्या गटाला ‘कळसूबाई उपगट’ असेच नाव आहे. त्यात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर अशी थरमालिकांची नावे येतात. जगभरच्या शोधनिबंधांतून इगतपुरी आणि ठाकूरवाडीचा उल्लेख होतो तो या दगडामुळे. सह्याद्रीची जडणघडण वाचायला बसलेल्या अभ्यासकाला सुरुवात याच परिसरापासून करावी लागते.

हे थर एकसारखे नाहीत. काही घट्ट, काळे, पोलादी. काही सच्छिद्र, पोकळ्यांत पांढरे-हिरवे खनिज भरलेले, लवकर झिजणारे. दोन प्रवाहांच्या मधे काही ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. एक लाव्हा थंड होऊन त्याचा पृष्ठभाग कुजला आणि त्यावर पुढचा लाव्हा आला, त्याची ती खूण. पावसाने मऊ थर खाल्ला की वरच्या घट्ट थराचा आधार जातो आणि तो उभा तुटतो. म्हणून सह्याद्रीचे डोंगर उतारासारखे न उतरता पायरीपायरीने उतरतात: उभा कडा, मग झाडीचा आडवा पदर, पुन्हा कडा. अलंग-मदनच्या माथ्याखालचा शेवटचा कडा अशाच घट्ट थराचा आहे आणि तो चहूबाजूंनी जवळजवळ अखंड आहे. एखादी सोंड चढत माथ्यापर्यंत गेली आहे आणि तिच्यावरून चालत वर जावे, अशी सोय येथे निसर्गाने ठेवलेली नाही.

झिजवणारा पाऊसही तसाच दांडगा. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या घाटघरला तो काही हजारांत मोजतात, आणि या गावाला ‘नगरची चेरापुंजी’ म्हणण्याची पद्धत जुनी आहे. या रांगेवर पडलेल्या पाण्याची वाटणीही पाहण्यासारखी आहे. कुलंगच्या उत्तर उतारावर दारणा उगम पावते, दक्षिणेचे पाणी प्रवरेच्या खोऱ्यात जाऊन भंडारदऱ्याच्या धरणात साठते. दोन्ही शेवटी गोदावरीलाच मिळतात, पण मधे दारणेच्या पाण्यावर नाशिकचा बागायती पट्टा आणि प्रवरेच्या पाण्यावर नगरचा ऊसपट्टा पोसला जातो. दुष्काळी वर्षी या दोन खोऱ्यांचे आणि खालच्या मराठवाड्याचे पाण्यावरून जे भांडण होते, त्यातल्या बऱ्याच पाण्याची सुरुवात या कड्यांवर होते.

अशा कड्यावर किल्ला बांधायचा तर तटबंदीची फारशी गरजच नसते. कातळ हाच तट. खरे काम दोनच: वर जायची वाट कोरणे आणि वर पाणी साठवणे. या दोन्ही कामांत सह्याद्रीच्या पाथरवटांचा हात किती बसलेला होता, ते तिन्ही गडांवर दिसते.

वाट कोरताना कड्याची सर्वांत कमी उंचीची जागा निवडायची, बहुधा घळीच्या किंवा खिंडीच्या तोंडाशी. तिथे छिन्नीने पायऱ्या खोदायच्या, त्या अशा की एका बाजूला कातळाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला थेट दरी राहील. पायरीची रुंदी एका माणसाला पुरेल एवढीच. चढणाऱ्याला ढाल-तलवार सावरत एकट्यानेच वर यावे लागते, आणि वरचा एक शिपाई नुसत्या दगडांनी वाट अडवू शकतो. मदनच्या वरच्या अंगाला आजही अशा पायऱ्या आहेत. पायरी अरुंद, कड उघडी, पावसाळ्यानंतर तिच्यावर वाळलेले गवत आडवे पडलेले. त्या गवतावरून बूट घसरतो, म्हणून जाणते लोक पाय ठेवण्याआधी हाताने गवत बाजूला सारतात.

पाण्याची व्यवस्था तर त्याहून विचारपूर्वक केलेली. टाकी खोदायची ती घट्ट, न झिरपणाऱ्या थरात, आणि अशा जागी की माथ्यावरचा पाऊस आपोआप तिकडे वाहत येईल. टाकी ओळीने असतील तर पहिल्यात गाळ बसतो आणि पुढच्यांत निवळलेले पाणी जाते. सह्याद्रीतल्या कित्येक गडांवर टाक्यांच्या काठाला खांब रोवण्याची गोल भोके दिसतात. त्या खांबांवर छप्पर घालून उन्हाने होणारी वाफ आणि पडणारा पाचोळा अडवला जाई. अलंगचा माथा ऐसपैस आहे. तिथे दोन गुहा, टाक्यांचा समूह, महादेवाच्या देवळाचे अवशेष आणि वाड्यांची जोती दिसतात. कुलंगवर टाक्यांची रांग आहेच, शिवाय माथ्यावरच्या दोन उंचवट्यांमधून वाहणारे पाणी अडवण्यासाठी बांधलेली भिंत आणि तिला ठेवलेले गोमुखही आहे. डोंगराच्या टोकावर बांधलेला तो छोटा बंधाराच. मदनच्या वाट्याला मात्र जागा कमी आली: एक गुहा आणि मोजकी टाकी. मोठी शिबंदी राहण्याचा हा गड नाही. दोन्ही शेजाऱ्यांवर आणि मधल्या खिंडींवर नजर ठेवण्याची चौकी म्हणूनच तो शोभतो.

इतक्या आडजागी किल्ले हवेत कशाला, याचे उत्तर माथ्यावरून मिळते. उत्तरेला हरिहर, त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, अंजनेरी. पूर्वेला कळसूबाई. दक्षिणेला रतनगड, आजोबा, हरिश्चंद्रगड. पश्चिमेला कोकण. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून देशावर येणारा माल थळ घाटाने इगतपुरी-नाशिककडे चढत असे. १८६५ साली रेल्वे इगतपुरीला पोहोचली तीही याच घाटाने. घाटाच्या तोंडावरचा जकातीचा रस्ता ज्याच्या नजरेखाली, त्याच्या हाती प्रदेशाची नाडी.

साल्हेरसारखी गाजलेली लढाई मात्र या तिघांच्या नावावर सांगितली जात नाही. शिवकाळात याच रांगेच्या पूर्व टोकाचा पट्टा किल्ला अधिक प्रकाशात आला. १६७९ मध्ये जालना लुटून परतताना शिवाजी महाराज मोगलांचा पाठलाग चुकवत तिथे पोहोचले आणि विश्रांतीला थांबले, म्हणून त्याचे नाव विश्रामगड पडले. अलंग-मदन-कुलंग हे पडद्यामागचे किल्ले. राजवटीप्रमाणे हात बदलत गेले, रसद साठवत राहिले, कैदी आणि फितूर सांभाळत राहिले असतील. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना दोन ओळी मिळतात. त्यांच्यावरचा सर्वांत मोठा आघात पेशवाई बुडाल्यानंतरचा, आणि तो लढाईत झालेला नाही.

१८१८ च्या एप्रिलमध्ये लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या हाताखालची ईस्ट इंडिया कंपनीची फौज नाशिकच्या किल्ल्यांवर चालून आली. अंकाई-टंकाई, राजधेर, इंद्राई असे करत महिनाअखेरीस ती त्र्यंबकला पोहोचली. त्र्यंबकचा किल्ला पडताच आसपासच्या डझनाहून अधिक किल्लेदारांनी न लढताच किल्ले खाली केले. जे किल्ले जिंकायला वर्षे लागावीत ते काही आठवड्यांत कंपनीच्या पदरात पडले. त्यांचे करायचे काय, हा पुढचा प्रश्न. प्रत्येक किल्ल्यावर शिबंदी ठेवायची तर खर्च परवडणार नाही. रिकामे सोडले तर उद्या कोणीही बंडखोर वर जाऊन बसेल आणि पुन्हा तोफा ओढत आणाव्या लागतील. खानदेशाचा कारभार पाहणारा कॅप्टन जॉन ब्रिग्ज या भागातले किल्ले पाहत फिरला.

उत्तर निघाले ते कंपनीच्या हिशेबी स्वभावाला साजेसे होते. डोंगरी किल्ला पाडायला महिने लागतात. त्याची वाट तोडायला एक दिवस पुरतो. शंभर पायऱ्यांतल्या मधल्या वीस-पंचवीस उडवल्या की वरचा माथा, त्यावरचे वाडे, धान्याची कोठारे आणि बारमाही पाण्याची टाकी, सगळे एका झटक्यात निरुपयोगी. पहारीने कातळात भोक पाडायचे, बंदुकीची दारू ठासायची, वरून माती कोंबून वात लावायची. इंग्रजांना हे तंत्र घरचेच होते. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात तिथल्या संसदेने राजपक्षाचे किल्ले असेच निकामी केले होते. डॉर्सेटमधला कॉर्फचा किल्ला १६४६ मध्ये सुरुंग लावून उडवला, त्याचे कललेले बुरूज पाहायला आजही पर्यटक जातात. तिथे बुरूज पाडावे लागले, कारण किल्ला माणसाने बांधलेला होता. येथे किल्ला डोंगरानेच बांधलेला, म्हणून फक्त जिना काढून घेतला.

पण तुटलेली प्रत्येक पायरी इंग्रजांच्या नावावर लिहिणे हाही आळशीपणाच. बेसॉल्टमध्ये उभ्या भेगा असतात. त्यांत पाणी आणि मुळे शिरतात, आणि दर पावसाळ्यात थोडा कातळ सुटतो. शिबंदी असताना असा सुटलेला दगड लगेच काढला जाई, पायरी पुन्हा कोरली जाई. गड ओस पडल्यावर ती डागडुजी थांबली. दोनशे वर्षांच्या पावसाने सुरुंगाचे काम पुढे नेले. शेजारच्या कुलंगची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. त्याच्या पायऱ्या बऱ्याच शाबूत आहेत, म्हणून कुलंग दमवतो पण अडवत नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची त्याची चढण महाराष्ट्रातल्या मोठ्या चढणींत मोडते. तरी ती दोराशिवाय चढता येते. तोच दगड, तोच पाऊस, तीच उंची, फरक वाटेचा.

वाट तुटली त्याचा फटका कोणाला बसला, हे सहसा विचारले जात नाही. या पट्ट्यातले गड राखण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या महादेव कोळी समाजाच्या नाईकांकडे आणि शिलेदारांकडे होते. त्या चाकरीवर त्यांची शेती, मान आणि हत्यार बाळगण्याचा हक्क अवलंबून होता. किल्ले निकामी झाले तशी ही सगळी व्यवस्था मोडली. १८२८ च्या सुमारास त्यांच्यातल्याच रामजी भांगरे याने बंड केले. ते मोडण्यासाठी कॅप्टन मॅकिंटॉशला या डोंगरांत फौज घेऊन फिरावे लागले, आणि त्यानेच पुढे महादेव कोळ्यांवर तपशीलवार लिखाण केले. रामजीच्या घराण्यातला, अकोले तालुक्यातल्या देवगावचा राघोजी भांगरे १८४० च्या दशकात सावकार आणि सरकार या दोघांविरुद्ध उभा राहिला. त्याला १८४८ मध्ये ठाण्यात फाशी देण्यात आले. बंडखोरांना आसरा मिळू नये म्हणून वाटा तोडल्या आणि त्या तोडण्यातूनच बेकार झालेले हात बंडात गेले, असा हा उलटा हिशेब.

त्याच ब्रिग्जने पाहिलेला हरिहर मात्र वाचला. त्र्यंबकेश्वरजवळच्या या किल्ल्याच्या माथ्याकडे जाणारा कातळजिना उभ्या भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा आहे. प्रत्येक पायरी मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेली, आणि दोन्ही कडांना मूठ बसेल अशा खोबण्या. चढताना हात खोबणीत, पाय खोलगटात, असे आपोआप जमत जाते. खोबणीची उंचीही अशी की पुढची पायरी चढण्याआधी हाताला पकड मिळालेली असते. हे काम पाहून इंग्रजांना तो उडवणे जिवावर आले, असे सांगतात. खरे कारण काहीही असो, आज सामान्य माणूस हरिहरच्या माथ्यावर जाऊ शकतो तो त्या शाबूत जिन्यामुळे. अलंग-मदनच्या पायऱ्या शाबूत असत्या तर त्यांची गणनाही याच पंक्तीत झाली असती. हरिहरच्याच दुसऱ्या अंगाचा उभा कडा १९८६ मध्ये डग स्कॉट या ब्रिटिश गिर्यारोहकाने चढला. १९७५ मध्ये एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून सर्वप्रथम शिखर गाठणाऱ्या दोघांपैकी तो एक. तेव्हापासून त्या कड्याला ‘स्कॉटिश कडा’ म्हणतात, जरी डग स्कॉट इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा होता.

अलंग-मदनच्या आजच्या चढाईचा क्रम साधारण ठरलेला आहे. आंबेवाडीतून पहाटे निघायचे. भाताची खाचरे संपली की झाडी लागते, मग कारवीचे रान. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी ही झुडपे एरवी नुसत्या काठ्यांसारखी उभी असतात, आणि मुरमाड घसाऱ्यावर पाय सरकू लागला की हात तिकडेच जातो. कारवी ओली, घट्ट रुजलेली असेल तर ती तोलते. वाळलेली मुळासकट हातात येते. शेवटची चढण अलंग आणि मदनच्या मधल्या खिंडीत नेते. खिंडीत उभे राहिले की डावीकडे अलंग, उजवीकडे मदन.

अलंगकडे जाताना आधी कड्याच्या पोटातून आडवी वाट धरावी लागते. मग उभा कातळटप्पा येतो आणि त्याच्या वर पुन्हा कोरीव पायऱ्या सुरू होतात. हा टप्पा म्हणजेच उडालेला जिना. मदनचा असाच टप्पा साधारण पन्नास फुटांचा, अलंगचा त्याहून उंच. कातळात ठोकलेले बोल्ट आहेत. अनुभवी चढणारा आधी वर जातो, दोर बांधतो, आणि मागच्यांना एकेक करून ‘बिले’वर घेतले जाते. म्हणजे चढणाऱ्याच्या हार्नेसला बांधलेला दोर दुसरा माणूस सतत ताणून धरतो, पाय सुटला तरी माणूस लोंबकळतो, पडत नाही. एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला त्याच्यावर लक्ष ठेवणारा. या दुसऱ्याने त्या वेळी मोबाइलवर फोटो काढायचा नसतो.

तांत्रिकदृष्ट्या हे टप्पे जगातल्या प्रस्तरारोहणाच्या मापाने फार कठीण नाहीत. सरावातला प्रस्तरारोहक त्यांना सोपेच म्हणेल. धोका दुसऱ्या ठिकाणी आहे, तो वेळेत. एका माणसाला टप्पा चढायला दहा मिनिटे धरली तर वीस जणांच्या गटाला तीन तासांहून अधिक लागतात. उतरताना तेवढेच. त्यात दुसरा गट आधीच दोर लावून बसलेला असला की दिवस खिंडीतच मावळतो. मग अंधारात, दमलेल्या हातांनी, रिकाम्या बाटल्यांनिशी दोरावरून उतरणे, म्हणजे रॅपलिंग, होते. चुका होतात त्या अशा वेळी. डिसेंडरमध्ये, म्हणजे उतरण्याचा वेग आवरणाऱ्या उपकरणात, दोर उलटा ओवला जातो, हार्नेसचा पट्टा मागे फिरवायचा राहतो, दोराच्या टोकाला गाठ मारलेली नसते आणि उतरणारा दोर संपल्यावरही उतरत राहतो. शेवटची चूक वाचायला हास्यास्पद वाटते, पण जगभरातल्या गिर्यारोहण अपघातांच्या यादीत ती वारंवार येते.

मदनवरून उतरून कुलंगकडे जाणारी वाट दोराची नाही, म्हणून तिला कमी लेखले जाते. कड्याच्या पायथ्याने गवताळ, घसरड्या उतारांवरून लांबच लांब आडवे जायचे. पावसाळ्यानंतर गवत पुरुषभर वाढते आणि मळलेली वाट दिसेनाशी होते. गुरांच्या वाटा फुटत राहतात, आणि त्यांतली एखादी कड्याच्या टोकाशी नेऊन संपते. माहितगार सोबत नसेल तर गट हमखास चुकतो तो येथे. त्या पट्ट्यात पाणीही नाही. कुलंगच्या पायऱ्या लागल्या की मात्र जीव भांड्यात पडतो. पुढे नुसती दमछाक.

आग्या मोहोळ हा आणखी एक धोका. कड्यांच्या बाहेर झुकलेल्या भागाखाली या मधमाश्यांची पोळी लटकतात. धूर, अत्तराचा वास किंवा गोंगाट याने त्या खवळल्या आणि माणूस दोरावर अडकलेला असला तर पळायला जागा नसते. म्हणून गावातले लोक कड्याखाली विडीसुद्धा ओढू देत नाहीत. पावसाळ्यात तर हे गड विचारातच घ्यायचे नसतात. शेवाळलेला कातळ, वरून सुटणारे दगड आणि हातभर अंतरावरचे दिसू न देणारे धुके असे तिन्ही एकत्र येतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ योग्य. मार्चपासून कातळ तापतो आणि टाक्यांतले पाणी हिरवे होते.

आंबेवाडी, कुरंगवाडी, घाटघर ही महादेव कोळी आणि ठाकर वस्तीची गावे. खरिपात भात, डोंगरउतारावर नागली, वरई, खुरासणी. जूनआधी राब भाजायचा, पाऊस स्थिरावला की आवणी, म्हणजे रोपांची लावणी. भात घोटीच्या बाजारात जाते. कापणीनंतर हाताला काम नसायचे, तेव्हा तरुण नाशिकच्या बांधकामांवर किंवा द्राक्षबागांत मजुरीला जात. आता हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी गावातच काम मिळते. वाट दाखवणे, दोर लावणे, गुहेत पिठलं-भाकरी रांधणे, गॅलनमधून पाणी वाहणे. या मुलांपैकी काहींनी गिर्यारोहणाचे रीतसर शिक्षण घेतले आहे. काही जण आजही रबरी बुटांत, दोराकडे न पाहता टप्पा चढून जातात आणि मग शहरातून आलेल्यांना वरून दोर टाकतात. त्यांचे पूर्वज याच कड्यांचे राखणदार होते. दोनशे वर्षांनी त्याच कड्यांवर पुन्हा चाकरी मिळाली, ती शनिवार-रविवारपुरती.

मुंबईची अंतरे आता झपाट्याने घटत आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि कसाऱ्याचा घाट, म्हणजे तोच थळ घाट, बोगद्यातून काही मिनिटांत ओलांडता येऊ लागला. घाटघरला तर आधीपासून पक्का रस्ता आहे. तिथे प्रवरेच्या खोऱ्यातले पाणी बोगद्यातून कोकणात सोडून वीज करणारा आणि विजेची मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर ओढणारा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. रस्ता आला तशी गर्दी आली. हरिहरच्या जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकल्याची दृश्ये सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली आहेत, आणि तिथे वनविभागाला गर्दीवर बंधने घालावी लागली. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून सहली नेणाऱ्यांना नोंदणी आणि सुरक्षिततेचे नियम लावले. नियम कागदावर चांगले आहेत. खिंडीत त्यांची तपासणी करायला कोणी बसलेले नसते. अपघात झाला तर धावून जातात ते गावकरी आणि नाशिक-मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहण संस्थांतले स्वयंसेवक, तेही पदरमोड करून. अलंगच्या माथ्यावरून जखमीला स्ट्रेचरवर खाली आणायचे म्हणजे तो कातळटप्पा पुन्हा एकदा, या वेळी आडव्या माणसासकट उतरायचा.

या पार्श्वभूमीवर कळसूबाईसारख्या शिड्या येथेही लावाव्यात, अशी मागणी अधूनमधून होते. पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोलोमाइट पर्वतात लोखंडी तारा आणि शिड्या ठोकल्या. त्यांतूनच युरोपातले ‘वाया फेराटा’चे मोठे पर्यटन उभे राहिले, हा दाखला दिला जातो. गावकऱ्यांत दोन मते आहेत: शिडी लागली तर माणसे वाढतील, पण दोर लावण्याचा रोजगार जाईल. गिर्यारोहकांचा विरोध उघड आहे, त्यांना डोंगर आहे तसाच हवा. त्यांच्या या म्हणण्यात एक विसंगती आहे. ते ज्याला डोंगराचे मूळ रूप म्हणतात, ते तुटलेल्या जिन्याचे रूप आहे. गड जिवंत होता तेव्हा येथून धान्याची पोती आणि बकऱ्याही वर जात. दुर्गप्रेमींचा तिसरा पक्ष म्हणतो, लोखंड नको, पायऱ्याच पुन्हा कोरा. पण उडालेल्या जागी आता सरळ भिंत उरली आहे. पायरी कोरण्यासाठी लागणारा कातळच दरीत गेला. शिवाय माथ्यावरची पाणी साठवण्याची आणि शौचाची व्यवस्था दोन-चारशे लोकांना पुरणारी नाही. गुहांच्या तोंडाशी प्लॅस्टिक आत्ताच साठते आहे. सध्यापुरता व्यवहारी मार्ग तेवढाच दिसतो: जुने गंजलेले बोल्ट ठरावीक मुदतीने बदलणे, एका दिवशी खिंडीत जाणाऱ्या गटांची संख्या ठरवणे, आणि ती मोजण्याचे काम पायथ्याच्या गावांकडे मोबदल्यासह देणे.